डोंगरवाटेसाठी एमटीबी टायर: आधी रिम, मग केसिंग, नक्षी सगळ्यात शेवटी

एमटीबीचा (डोंगरी सायकलचा) टायर निवडताना बहुतेक जण सुरुवात नक्षीपासून करतात. फोटोत नॉब (टायरवरचे रबरी खुंट) उंच दिसले, नाव ओळखीचं वाटलं, की ऑर्डर गेली. मग येऊरच्या दगडांत दुसऱ्याच रविवारी साइडवॉल (टायरची बाजू) फाटते, नाहीतर २.५ इंचाचा टायर २१ मिलिमीटरच्या रिमवर प्रत्येक वळणात लटपटतो, आणि खापर टायरवर फुटतं. टायर बहुधा चांगलाच असतो, निवडीचा क्रम उलटा झालेला असतो.

खालचा क्रम मोडू नका. प्रत्येक टप्प्याचं उत्तर पुढच्या टप्प्यातले पर्याय कमी करत जातं. नक्षीपाशी पोचेपर्यंत हातात तीन-चारच टायर उरले पाहिजेत.

हे सगळं पायवाटेवर जोरात उतरणाऱ्यांसाठी आहे: दगडांच्या पायऱ्या, छोटे ड्रॉप, ब्रेक दाबत घेतलेली वळणं, आणि वर चढताना मात्र स्वतःच पेडल मारायचं. बोरिवलीच्या फाटकातून कान्हेरीपर्यंत डांबरी रस्त्याने जाऊन यायचं असेल, तर बाइकबरोबर आलेले टायर पुरे आहेत.

## १. आधी मोजमाप, मग दुकान

चाकाचा आकार इंचात लिहू नका. टायरच्या बाजूवर '५७-६२२' असा ईटीआरटीओ आकडा असतो, तो लिहा. पहिला भाग म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. दुसरा भाग चाक ठरवतो: ६२२ म्हणजे २९ इंची, ५८४ म्हणजे २७.५, ५५९ म्हणजे जुनं २६. पुढे २९ आणि मागे २७.५ अशाही बाइक असतात, म्हणून दोन्ही चाकांचे आकडे वेगवेगळे वाचा.

रिमची आतली रुंदी टायर काढूनच मोजायची. दोन भिंतींच्या मधलं अंतर व्हर्नियरने घ्या. बाहेरून बाहेर मोजलं तर चार-पाच मिलिमीटर जास्त भरतात आणि पुढचं सगळं गणित चुकतं. रिमवर '६२२ × ३०' असा स्टिकर असेल तर ३० ही तीच रुंदी. सुरुवातीच्या किमतीच्या एमटीबींवर ही रुंदी पुष्कळदा २५ च्या आत असते. जाहिरातीत फक्त 'डबल वॉल' लिहिलेलं असतं, त्यावरून रुंदी कळत नाही.

रिम ट्यूबलेस रेडी (ट्यूबशिवाय हवा धरण्यासाठी बनवलेली) आहे का, हे स्टिकरवर किंवा कंपनीच्या साइटवर पाहा. व्हॉल्व्हचं भोकही मोजा. प्रेस्टासाठी (सायकलच्या बारीक व्हॉल्व्हसाठी) ते ६.५ मिलिमीटर असतं, मोटारसायकलसारख्या श्रेडरसाठी ८.५. मोठ्या भोकात प्रेस्टाचा ट्यूबलेस व्हॉल्व्ह नुसता बसवला तर हवा धरत नाही.

फ्रेममधली जागा मोजा: मागच्या नळ्यांच्या मधली आणि फोर्कच्या कमानीखालची. टायर बसल्यावर दोन्ही बाजूंना किमान ६ मिलिमीटर मोकळे राहायला हवेत. फोर्कच्या कंपनीने जास्तीत जास्त रुंदी दिलेली असते, ती ओलांडू नका. कोरड्या दिवसांत ३ मिलिमीटरच्या फटीनेही भागतं. पावसात त्याच फटीत खडीमिश्रित माती भरते आणि फ्रेमचा रंग, मग फ्रेमच, घासून काढते.

वजन अंगावरच्या सगळ्यासकट घ्या. तीन लिटर पाण्याचे तीन किलो होतात.

डांबर किती, हेही लिहा. ट्रेलपर्यंत आणि परत एकूण किती किलोमीटर डांबर किंवा काँक्रीट लागतं? मुलुंडहून येऊरला सायकलनेच जाणारा आणि बाइक गाडीच्या रॅकवर टाकून कर्जतला जाणारा, या दोघांना एकच रबर चालणार नाही.

तपासा: दोन्ही चाकांचे ईटीआरटीओ आकडे, रिमची आतली रुंदी, ट्यूबलेस आहे की नाही, मोकळी जागा, वजन, डांबर. यातला एक रकाना जरी रिकामा असेल तरी थांबा.

## २. जुन्या टायरचं शवविच्छेदन

जुना टायर फेकण्याआधी पाण्याने धुऊन उजेडात बघा. तो कसा गेला, त्यावरून पुढच्या टायरमध्ये पैसे कुठे घालायचे ते ठरतं.

ट्यूबवर शेजारी-शेजारी दोन बारीक चिरा, किंवा ट्यूबलेस टायरला बीडच्या (रिममध्ये अडकणाऱ्या कडेच्या) वर छोटा काप: टायर दगड आणि रिमच्या मध्ये चेंगरला. हवा कमी होती किंवा केसिंग (रबराखालचं कापड) पातळ. रिमच्या कडेला चेपही असेल तर शंकाच नको.

साइडवॉलवर लांब, तिरका फाटा: धारदार दगडाने कापलं. हवा वाढवून हे थांबत नाही, इथे जाड केसिंगच लागतं.

ट्रेडच्या (जमिनीला लागणाऱ्या भागाच्या) मधोमध बारीक भोकं: काटे. बाभूळ, बोर, करवंदीच्या जाळ्या. यासाठी टायर बदलायची गरज नाही, ट्यूबलेस करा.

बाजूचे नॉब मुळापासून चिरलेले: रबर मऊ आणि डांबरावरची वळणं फार, किंवा हवा इतकी कमी की नॉब दुमडत होते.

मधले नॉब सपाट आणि बाजूचे कोरे: टायरला दोष देऊ नका. बाइक वळणात झुकवलीच जात नाही, किंवा वापर बहुतांश डांबरावर आहे. अशा माणसाने सगळ्यात आक्रमक टायर घेतला तर त्याला फक्त जड पेडल मिळेल.

## ३. जमीन आणि महिना

परदेशी चाचण्यांत 'ओलं', 'कोरडं', 'चिखल' असे तीन कप्पे असतात. ते जसेच्या तसे उचलले की इथे हमखास चूक होते. मुंबईच्या भोवतालचा डोंगर बेसॉल्टचा आहे, त्यावर मुरूम, आणि माथेरानसारख्या ठिकाणी वर जांभा. तिन्हींचा स्वभाव वेगळा.

जून ते सप्टेंबर. इथल्या पावसाळ्याला चिखलाचा टायर लागतो, हा सगळ्यात महाग गैरसमज आहे. येऊर किंवा लोणावळ्याच्या वाटांवर पावसात पायाखाली बहुतेक ओला पाषाण असतो, त्यावर शेवाळ आणि मातीचा पातळ थर. चिखलाच्या टायरचे उंच, विरळ नॉब दगडावर वाकतात आणि जमिनीला लागणारं रबर कमी होतं. ओल्या दगडावर पकड देतात मऊ रबर आणि कमी हवा. शेवाळाचा हिरवा थर जाड असेल तर कुठलाच टायर धरत नाही. तिथे ब्रेक सोडून सरळ रेषेत जायचं, नाहीतर उतरून चालायचं.

खरा चिखल भातखाचरांच्या कडेला आणि घाटमाथ्यावरच्या काळ्या मातीत मिळतो. ती माती इतकी चिकट असते की खास चिखलाचा टायरही काही मीटरमध्ये भरून गुळगुळीत होतो. त्यासाठी टायर विकत घेऊ नका, वाट बदला.

ऑक्टोबर, नोव्हेंबर. माती दमट आणि दबलेली. याच महिन्यांत जवळजवळ प्रत्येक टायर छान वाटतो, आणि म्हणून याच महिन्यांत मित्राच्या बाइकवर एक चक्कर मारून चुकीचे टायर घेतले जातात. दिवाळीतल्या अनुभवावरून मेचा टायर ठरवू नका.

डिसेंबर ते मे. कडक जमिनीवर सुटा मुरूम, हळूहळू धूळ, आणि सागाच्या जंगलात मोठ्या पानांचा पाचोळा. पाचोळ्याखाली काय आहे ते दिसत नाही, म्हणून पुढच्या चाकाला जाड केसिंगची किंमत इथे कळते. सुट्या मुरमावर टायरला वरचे खडे बाजूला सारून खालच्या कडक थरापर्यंत पोचावं लागतं. मध्यम उंचीचे, कडा धारदार असलेले नॉब ते करतात. वर्षातला सर्वांत मोठा काळ हाच असल्याने, एकच जोडी घेणार असाल तर ती याच महिन्यांसाठी घ्या आणि पावसाळ्यात फक्त पुढचा टायर बदला.

सावधान: संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत आणि वनखात्याच्या जमिनीवर कुठली वाट सायकलला खुली आहे, हे फाटकावर विचारूनच आत जा.

## ४. केसिंग: पैसे इथे घाला

केसिंग म्हणजे रबराखालचं कापड. ट्रेड झिजला तर टायर हळूहळू संपतो, केसिंग फाटलं तर तो जंगलात संपतो. बेसॉल्टचा ताजा तुटलेला खडा काचेसारखा कापतो, म्हणून आपल्याकडे युरोपातल्या सल्ल्यापेक्षा अर्धी पायरी जाड केसिंग घ्यावं.

मॅक्सिसमध्ये पातळपासून जाडपर्यंत क्रम असा: एक्सो, एक्सो प्लस, डबलडाउन, डीएच. श्वाल्बेमध्ये सुपर ग्राउंड, सुपर ट्रेल, सुपर ग्रॅव्हिटी, सुपर डाउनहिल. कॉन्टिनेंटलमध्ये ट्रेल, एन्ड्युरो, डाउनहिल. वेगवेगळ्या कंपन्यांच्या पायऱ्या तंतोतंत जुळत नाहीत. वजन मात्र खोटं बोलत नाही. २९ × २.४ ते २.५ मापात ९५० ते १००० ग्रॅमचा टायर हलक्या ट्रेलचा, १०५० ते ११५० चा जोरकस ट्रेलचा, १२०० च्या पुढचा एन्ड्युरोचा (लांब, खडतर उतारांचा), १३०० च्या पुढचा डाउनहिलचा (फक्त वेगाने उतरण्याचा) समजा. पॅकेटवर वजन नसेल तर दुकानात काट्यावर ठेवायला सांगा.

मागचं चाक जास्त मार खातं. शरीराचा भार तिथे असतो आणि दगड दिसल्यावर पुढचं चाक उचलता येतं, मागचं फरफटत येतं. म्हणून ढोबळ नियम असा:

सामानासकट ६५ किलोपर्यंत: पुढे एक्सो किंवा तत्सम, मागे एक्सो प्लस.
६५ ते ८५ किलो: दोन्हीकडे एक्सो प्लस किंवा सुपर ट्रेल, वाट दगडगोट्यांची असेल तर मागे डबलडाउन किंवा सुपर ग्रॅव्हिटी.
८५ किलोच्या वर, किंवा मागे सस्पेन्शन नसलेली हार्डटेल जोरात चालवणारे: मागे डबलडाउन किंवा एन्ड्युरो वर्गातलंच घ्या, रिमच्या पैशांत वसूल होईल.

टीपीआयच्या (एका इंचातल्या धाग्यांच्या) आकड्यावर भुलू नका. काही कंपन्या एका थरातले धागे सांगतात, काही सगळ्या थरांची बेरीज. कॉन्टिनेंटलचं '३/३३०' म्हणजे ११० धाग्यांचे तीन थर. शिवाय जास्त टीपीआय म्हणजे जास्त मजबुती, असंही नाही. १२० चं कापड लवचीक आणि हलकं असतं, ६० चं जाड धाग्याचं आणि कापाला जास्त टिकणारं.

टायरच्या आत बसणारा फोमचा इन्सर्ट रिम वाचवतो, साइडवॉल कापण्यापासून वाचवत नाही. आधी केसिंग, इन्सर्ट त्यानंतरचा विचार.

तपासा: दुसऱ्या टप्प्यात साइडवॉलचा काप किंवा रिमची चेप सापडली होती का? मग आधीच्या टायरपेक्षा एक पायरी जाड. सापडली नव्हती तर तीच पायरी ठेवा, उगाच २०० ग्रॅम वाढवू नका.

## ५. रुंदी रिमला विचारा

आतली रुंदी १९ ते २१ मिलिमीटर: २.१ ते २.२५.
२२ ते २५: २.२५ ते २.४.
२६ ते २९: २.३५ ते २.५.
३० ते ३५: २.४ ते २.६.

अरुंद रिमवर रुंद टायर लावला की त्याचा आकार खाली निमुळता, वर फुगीर होतो. सरळ रेषेत छान वाटतो. वळणात मात्र केसिंग आडवं सरकतं, आणि ते थांबवायला हवा वाढवावी लागते, म्हणजे रुंदीचा फायदा गेलाच. उलट ३५ मिलिमीटरच्या रिमवर २.२५ लावला तर टायर चौकोनी होतो, बाजूचे नॉब वर येतात आणि साइडवॉल दगडासमोर उघडी पडते. मॅक्सिसच्या मापापुढे 'डब्ल्यूटी' असेल तर तो टायर ३० ते ३५ मिलिमीटरच्या रिमसाठी घडवलेला आहे.

पुढचा टायर मागच्याइतका किंवा थोडा जास्त रुंद ठेवा. पुढे २.५, मागे २.४ ही रूढ जोडी. छापलेल्या आणि प्रत्यक्ष रुंदीत दोन-तीन मिलिमीटरचा फरक पडतो, आणि नवा टायर हवेवर एक-दोन दिवसांत थोडा ताणतो. जागेचं मोजमाप त्यानंतर पुन्हा घ्या.

## ६. रबर आणि डांबराचा हिशोब

मऊ रबर दगडाला धरतं, हळू परत उसळतं, लवकर झिजतं. शोअर ए मोजपट्टीवर ४२ च्या आसपासचं मऊ, ६० च्या वरचं कडक. नावं अशी:

मॅक्सिस: मॅक्सग्रिप सगळ्यात मऊ, मॅक्सटेरा मधलं, मॅक्सस्पीड वेगासाठी, साधं 'ड्युअल' टिकाऊ.
श्वाल्बे अ‍ॅडिक्स: पट्टीचा रंग पाहा. जांभळी अल्ट्रा सॉफ्ट, नारिंगी सॉफ्ट, निळी स्पीडग्रिप, लाल स्पीड.
कॉन्टिनेंटल: सुपरसॉफ्ट, सॉफ्ट, एन्ड्युरन्स.

आता पहिल्या टप्प्यातला डांबराचा रकाना काढा. दर खेपेला १० किलोमीटरपेक्षा जास्त डांबर असेल तर मागे सगळ्यात मऊ रबर घेऊच नका. एप्रिलच्या तापलेल्या रस्त्यावर मधल्या नॉबच्या धारदार कडा लवकर गोल होतात, आणि ब्रेकची पकड त्या कडांतच असते. पुढे मधलं, मागे टिकाऊ, अशी जोडी धरा. बाइक गाडीवरून नेत असाल तर पुढे सगळ्यात मऊ आणि मागे मधलं.

मागचं रबर पुढच्यापेक्षा मऊ कधीही नको. मागचं चाक घसरलं तर सावरता येतं, पुढचं घसरलं तर माणूस जमिनीवर असतो.

## ७. आता नक्षी

तीनच गोष्टी बघा: बाजूचे नॉब, मधल्या आणि बाजूच्या नॉबमधली मोकळी पट्टी, आणि मधल्या नॉबची पुढची व मागची कड.

बाजूच्या नॉबना मागून आधार हवा. अंगठ्याने ढकलून पाहा, सहज दुमडत असतील तर वळणातही दुमडतील.

मोकळी पट्टी रुंद असेल, जशी मॅक्सिसच्या मिनियन डीएचएफला आहे, तर बाइक नीट झुकवल्यावरच बाजूचे नॉब लागतात. झुकवणाऱ्याला ती धारदार पकड आवडते. बिचकत, सरळ बसून वळणाऱ्याला त्या पट्टीवर टायर सुटल्यासारखा वाटतो. अशा रायडरने पट्टीत मधले नॉब भरलेला मॅक्सिसचाच असेगाई पुढे घ्यावा. थोडा जड फिरतो, पण झुकवतानाचा रिकामा टप्पा जाणवत नाही.

मधल्या नॉबची पुढची कड उतरती असेल तर टायर मोकळा फिरतो. मागची कड उभी असेल तर ब्रेकला धरतो. मागच्या चाकाला दोन्ही हवं. मॅक्सिसच्या डीएचआर टूचे आडवे फावड्यासारखे नॉब ब्रेकसाठी नावाजलेले, पण डांबरावर जड; डिसेक्टर आणि अ‍ॅग्रेसर त्याहून मोकळे फिरतात.

जमणाऱ्या जोड्या:

कोरडे महिने, बरंच डांबर, ३० ची रिम: पुढे डीएचएफ २.५ डब्ल्यूटी मॅक्सटेरा, मागे अ‍ॅग्रेसर किंवा डिसेक्टर.
पावसाळी दगड, बाइक गाडीवर: पुढे असेगाई मॅक्सग्रिप, मागे डीएचआर टू मॅक्सटेरा.
कॉन्टिनेंटल घ्यायचा असेल तर पुढे क्रिप्टोटल फ्रंट, मागे क्रिप्टोटल रिअर. फारच कडक, कोरड्या वाटांना मागे झायनोटल. हायड्रोटल चिखलाचा आहे, तिसरा टप्पा पुन्हा वाचा.
२१ ते २३ ची रिम: पुढे-मागे श्वाल्बेचा नॉबी निक २.२५. यावर रुसू नका. त्या रिमवर हा टायर नीट हवेत २.५ पेक्षा चांगला वळतो.

हवा तो नेमका प्रकार भारतात नेहमी मिळतोच असं नाही. तडजोड उलट्या क्रमाने करा: आधी नक्षीत, मग रबरात, मग रुंदीत पाव इंचाच्या आत. केसिंगमध्ये तडजोड करू नका. पैसे एकाच टायरचे असतील तर पुढचा घ्या. रिमला चेपा पडत असतील तरच आधी मागचा.

## ८. विकत घेताना लेबल वाचा

एकाच नावाखाली पाच-सहा वेगवेगळे टायर विकले जातात. 'मिनियन डीएचएफ' म्हणून स्वस्तात आलेला टायर तारेच्या बीडचा, एकाच कडक रबराचा आणि ट्यूबलेस न होणारा असू शकतो. नक्षी तीच, टायर वेगळा. ऑनलाइन घेताना विक्रेत्याकडून साइडवॉलवरच्या छापाचा फोटो मागा आणि त्यात पाच गोष्टी शोधा: ईटीआरटीओ आकडा, ट्यूबलेस रेडी, केसिंगचं नाव, रबराचं नाव, घडी होणारा बीड.

टायर हातात आल्यावर उघडून बीड पूर्ण फिरवून बघा. कुठे चेपला किंवा मोडला असेल तर परत करा, तो रिमवर नीट बसणार नाही. नॉबच्या मुळाशी बारीक भेगा म्हणजे टायर उन्हात किंवा गोदामात फार दिवस पडलेला आहे.

## ९. बसवणं

रिम आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. टेप आतल्या रुंदीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर रुंद घ्या, व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने सुरू करून ताणून लावा, शेवटी १० ते १५ सेंटिमीटर एकावर एक येऊ द्या. व्हॉल्व्हचं भोक टोकदार दाभणाने पाडा, ब्लेडने कापू नका. चीर पुढे वाढत जाते. व्हॉल्व्हची चकती हातानेच घट्ट करा, पक्कड लावलीत तर जंगलात ट्यूब टाकताना सुटणार नाही.

बाणाची दिशा पाहा. पुढच्या चाकाला उलटा बसलेला टायर आश्चर्यकारक वेळा दिसतो. बीड व्हॉल्व्हच्या समोरून चढवायला सुरुवात करा आणि व्हॉल्व्हपाशी संपवा, बाकीचा बीड रिमच्या मधल्या खोबणीत दाबत राहा. म्हणजे लिव्हर लागत नाही. लागलाच तर प्लॅस्टिकचा.

सीलंट (भोकं आपोआप बुजवणारा द्रव) न घालता आधी हवा भरून बीड बसवा, साबणाचं पाणी लावून. ३५ ते ४० पीएसआयच्या आसपास फटफट आवाज येतो. रिम आणि टायरवर छापलेली मर्यादा ओलांडू नका. कडेची बारीक रेषा रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली की हवा सोडा, व्हॉल्व्हचा गाभा काढा आणि २९ × २.४ साठी १०० ते १२० मिलिलिटर सीलंट घाला. २७.५ ला १० मिलिलिटर कमी चालेल. हवा भरून चाक हलवा, फिरवा, बादलीवर दोन्ही कुशींवर दहा-दहा मिनिटं आडवं ठेवा.

सावधान: ट्यूबलेस रेडी नसलेल्या रिमवर टेप आणि सीलंटचा जुगाड पार्किंगमध्ये टिकतो. वळणात बीड सुटतो आणि एका क्षणात सगळी हवा जाते. अशा रिमवर ट्यूबच वापरा.

तपासा: रात्रभर ठेवून सकाळी हवा मोजा. तीन-चार पीएसआयपर्यंत उतरली तर सीलंट अजून बसतंय, पुन्हा भरून चालवा. सगळी हवा जाऊन टायर चपटा झाला तर बहुतेक टेप चुकली आहे, अजून सीलंट ओतू नका.

## १०. हवा

इथे पैसे लागत नाहीत, म्हणून याकडे कोणी लक्ष देत नाही. चुकीच्या हवेत वरचे नऊ टप्पे वाया जातात.

पेट्रोल पंपावर किंवा पंक्चरवाल्याकडे हवा भरू नका. तिथला काटा मोटारींसाठी असतो, २२ आणि २८ मधला फरक त्याला विश्वासाने दाखवता येत नाही. छोटा डिजिटल गेज घ्या आणि कायम तोच वापरा. दोन गेजमध्ये दोन पीएसआयचा फरक सहज असतो, त्यामुळे मित्राचा आकडा तुमच्या कामाचा नाही.

सुरुवात अशी करा: सामानासकट ७५ किलो, २९ × २.४, ३० ची रिम, ट्यूबलेस, एक्सो प्लससारखं केसिंग. पुढे २२, मागे २५. दर ५ किलोला एक पीएसआय वर-खाली. केसिंग एक पायरी जाड असेल तर एक कमी. टायर २.२५ असेल तर तीन जास्त. ट्यूब असेल तर चार-पाच जास्त. मागे पुढच्यापेक्षा दोन-तीन जास्तच.

तापमान १० अंशांनी वाढलं की या दाबाला सुमारे सव्वा पीएसआय वाढतो. उन्हात उभ्या गाडीत ठेवलेली बाइक म्हणजे हाच प्रकार. मुंबईत समुद्रसपाटीला भरलेली हवा लोणावळ्याच्या उंचीवर गेजवर सुमारे एक पीएसआय जास्त दिसते. म्हणून घरून निघताना डांबरासाठी २८ ते ३० भरा आणि ट्रेलच्या तोंडाशी, सावलीत, गेज लावून खाली आणा. परतीसाठी छोटा पंप हवा. सीओटू काडतूस फक्त अडचणीत, कारण त्याच्या गारठ्याने काही लॅटेक्स सीलंटच्या गुठळ्या होतात.

## ११. चाचणी फेरी

ओळखीचा, पाच-सात मिनिटांचा उतार निवडा. त्यात एक दगडी तुकडा, एक सुटं वळण, एक जोरात ब्रेकची जागा असावी. तीनदा उतरा आणि प्रत्येक खेपेला फक्त एकाच चाकाची हवा एक पीएसआयने बदला. दोन्ही एकदम बदलली तर काय सुधारलं ते कळत नाही.

रिमला दगड लागल्याचा टणक आवाज येतो: त्या चाकात एक वाढवा. फेरीत एखाद वेळ हलका आवाज आला तर चालेल, दोनदा आला तर नाही. वळणात टायर आडवा सरकून उशिरा वळतो: वाढवा. छोट्या खड्यांवर पुढचं चाक टप्पे खातं, हात झिणझिणतात: कमी करा. पुढचं चाक सुट्या मुरमावर सरळच निघतं: एक कमी करून पाहा. तरी निघत असेल तर बसण्याची जागा तपासा, पुढच्या चाकावर भार टाकल्याशिवाय कुठलीही नक्षी धरत नाही.

जमलेले दोन आकडे, महिना आणि वाटेचं नाव फोनमध्ये टिपून ठेवा.

## १२. बदलायचं कधी

सीलंट मुंबईच्या उन्हाळ्यात सहा ते आठ आठवड्यांत वाळतं, एरवी तीन महिने धरा. चाक कानाशी धरून हलवा. खळखळ ऐकू आली नाही तर ६० मिलिलिटर घाला. बाइक गॅलरीत उन्हात ठेवत असाल तर चाकांवर जुनी चादर टाका, साइडवॉल ऊन सहन करत नाही.

मागच्या टायरचे मधले नॉब निम्म्या उंचीवर आले, किंवा ब्रेकच्या कडा गोल झाल्या, की तो संपला. तेव्हा नवा टायर मागे लावू नका. पुढचा काढून मागे घाला आणि नवा पुढे. पुढचा टायर अर्धवट झिजलेला असला तरी मागच्या कामाला पुरतो. मागचा झिजलेला पुढे लावणं मात्र कुठल्याही महिन्यात चूक आहे. ही अदलाबदल करताना पुढच्या टायरचं केसिंग मागच्याला चालेल असं असावं लागतं. एक्सो पुढे आणि डबलडाउन मागे असेल तर फिरवाफिरवी करता येत नाही, प्रत्येक चाकाचा टायर वेगळाच घ्यावा लागतो.

उतरवलेल्या मागच्या टायरच्या साइडवॉलचा तीन इंची तुकडा कापा, कडा घासून गोल करा आणि प्लग, एक ट्यूब व पंपाबरोबर बॅगेत ठेवा. प्लगला न जुमानणारा काप पडला तर तो तुकडा आतून टेकवून, ट्यूब टाकून घरी येता येतं.